छत्रीचं वटवाघूळ

आमच्या घरात नीट जमलेलं पहिलं सोंग एका मोडक्या छत्रीतून निघालं. माझे वडील, आबा, पुण्याहून न्यू जर्सीला आले तेव्हा सवयीप्रमाणे आपली काळी, लांब दांड्याची छत्री बरोबर घेऊन आले होते. ऑक्टोबरच्या वाऱ्यात ती उलटी झाली आणि दोन काड्या मोडल्या. मी ती टाकून द्यायला निघाले होते. आबांनी ती माझ्याकडून घेतली, अर्धवट मिटून उलटी धरली आणि नातीला विचारलं, "सोने, हे काय लटकतंय सांग बघू?" सहा वर्षांची नात लगेच ओरडली, "वटवाघूळ!"

त्या संध्याकाळी आम्ही काड्या सोडवल्या आणि कापड मधोमध कापलं. आठ पाकळ्यांच्या छत्रीचे चार-चार पाकळ्यांचे दोन भाग झाले. दोन काड्यांच्या मध्ये छत्रीच्या कडेला जी कमान असते, तीच वटवाघळाच्या पंखाची कड. ती वेगळी कापावी लागत नाही. मधल्या टोकाकडून वीतभर कापड कमी केलं. तो कोपरा काळ्या हुडीच्या काखेत ठेवला, एक सरळ कड बाहीच्या खालच्या शिवणीला आणि दुसरी अंगाच्या शिवणीला धावदोरा घालून जोडली. हॉट ग्लूनं काम पटकन होईल असं वाटलं होतं, पण एका कोपऱ्यावर लावून पाहिला तर छत्रीचं पातळ नायलॉन आक्रसून भोक पडलं. म्हणून हातशिलाई. हुडीच्या टोपीवर फेल्टचे दोन त्रिकोणी कान लावले. हात खाली असले की पंख घड्या घालून गप्प बसायचे, हात पसरले की उघडायचे. मुलगी दोन दिवस घरभर हात पसरूनच फिरत होती. नवा खर्च झाला तो फेल्टच्या एका तावाचा, एका डॉलरच्या आतला.

हे पुस्तक त्या छत्रीपासून सुरू झालं असं मी मानते. अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांतून, मंडळाच्या ओळखीतून आणि शेजारच्या आयाबाबांकडून गोळा केलेली हॅलोवीनची सोंगं यात आहेत. सगळी मुलांची, सगळी घरी केलेली, आणि सगळी अशी की नव्यानं आलेल्या विद्यार्थी जोडप्यालाही परवडावीत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. परदेशातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ही म्हण किती खरी आहे ते कळतं. दुकानातला तयार पोशाख तीस-चाळीस डॉलरांचा, मुलं दोन, आणि घालायचा एकच संध्याकाळ. अशा वेळी आई "पुढच्या वर्षी बघू" म्हणते आणि मूल ऐकून घेतं. ते वाक्य निदान काही घरांत कमी बोललं जावं, एवढ्यासाठी ही खटपट आहे.

ज्यांना हा सण नवा आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. ३१ ऑक्टोबर ही ख्रिस्ती परंपरेतल्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. त्याखाली आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या साउअन या जुन्या सणाचा थर आहे. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याची ती रात्र. त्या रात्री या जगातलं आणि पलीकडचं अंतर कमी होतं असा समज होता. स्कॉटलंडमध्ये मुलं आणि तरुण वेष पालटून, तोंडाला काजळी फासून, जुने कपडे उलटेपालटे चढवून घरोघर जात. गाणं किंवा नक्कल करून दाखवत आणि फळं, सुकामेवा, पैसे मिळवत. याला ते 'गायझिंग' म्हणत. इंग्लंडमध्ये गरीब माणसं आणि मुलं घरोघर जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात छोटे गोड केक मागत. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर, आयरिश लोक लाखोंनी अमेरिकेत आले आणि त्यांच्याबरोबर हा सण आला. तिकडे सलगम कोरून दिवा करत. इकडे भोपळा मोठा आणि कोरायला मऊ, म्हणून भोपळ्याचा दिवा झाला. हाताशी जे असेल त्यातून करायचं, हे या सणाच्या अंगातच आहे.

अमेरिकेत सुरुवातीला मुलांच्या हॅलोवीनपेक्षा टवाळ पोरांचं हॅलोवीन मोठं होतं. फाटकं उपटणं, गाड्या छपरावर चढवणं, खिडक्यांना साबण फासणं असे उद्योग चालत. पोरांना काहीतरी करायला द्यावं म्हणून मिनेसोटातल्या अनोका गावानं १९२० मध्ये हॅलोवीनची मिरवणूक काढली, आणि ती परंपरा तिथे आजही आहे. घरोघर फिरून 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणण्याची चाल पुढच्या दोन दशकांत पसरली. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आलं तेव्हा ती आटली, आणि १९४७ मध्ये रेशन उठल्यावर पुन्हा जोमानं सुरू झाली.

पोशाखांचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेनं जातो, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात आयांचे हात दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागदाचा जमाना होता. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन ही कंपनी क्रेप कागद बनवायची. तो कागद खपावा म्हणून तिनं १९०९ मध्ये 'बोगी बुक' नावाची हॅलोवीनच्या सजावटीची आणि पोशाखांची पुस्तिका काढली, आणि पुढे अनेक वर्षं ती निघत राहिली. साध्या कापडी झग्यावर नारिंगी-काळा कागद टाचायचा, काळ्या मांजरीची किंवा घुबडाची चित्रं कापून लावायची, एक रात्र मिरवायचं आणि टाकून द्यायचं. त्या पुस्तिकांमधल्या रेखाटनांचा डौल आजही डोळ्यांत भरतो. कागद पावसात रंग सोडायचा आणि ठिणगीनं भडकायचा, हेही खरं.

मंदीच्या काळात पोटमाळ्यावरच्या ट्रंका उघडल्या गेल्या. वडिलांचा कोट, आजीचा स्कर्ट, कोळशानं काढलेल्या मिशा, भोकं पाडलेली चादर. हा प्रवाह कधीच आटला नाही. १९६६ मध्ये चार्ली ब्राउनच्या हॅलोवीनचा कार्यक्रम टीव्हीवर आला; त्यात त्याच्या चादरीला नको तितकी भोकं पडलेली आहेत. ते पाहून घराघरांतल्या माणसांना आपलं घर आठवलं असेल. शिवणकाम येणाऱ्या बायकांचा प्रवाह याला समांतर चालला होता: सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक या कंपन्यांचे कागदी बेत आणायचे, कापड बेतायचं, मशीनवर टीप मारायची. या घराण्याची सोंगं टिकायची, धाकट्यांना मिळायची. घरगुती कलेचा सगळ्यात अजब नमुना मला कादंबरीत भेटला. हार्पर ली यांच्या १९६० च्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये स्काउट ही मुलगी खारवलेल्या मांडीचं, म्हणजे हॅमचं सोंग घेते. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून त्यावर कापड चढवलेलं. त्यात तिला धड दिसत नाही, हात हलवता येत नाहीत. आणि त्या जाळीमुळेच ती हल्ल्यातून वाचते. पोशाख करणाऱ्या प्रत्येकानं तो प्रसंग एकदा वाचावा. आपण मुलाच्या अंगावर काय चढवतो आहोत याचा इतका बारीक विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही.

मग खोक्यातले पोशाख आले. न्यूयॉर्कची बेन कूपर ही कंपनी १९३७ मध्ये सुरू झाली. पेनसिल्व्हानियातल्या कॉलेजव्हिल आणि हॅल्को याही तशाच. पातळ प्लास्टिकचा साच्यातला मुखवटा, त्याला मागे इलॅस्टिकची दोरी, आणि व्हिनाइलचा झगा. झाकणाला पारदर्शक खिडकी, म्हणजे दुकानात उभं राहूनच मुखवटा डोळ्यांत डोळे घालून बघणार. दोन-तीन डॉलरांत मिळायचे. झग्याच्या छातीवर बहुधा त्या पात्राचं चित्रच छापलेलं असायचं. म्हणजे मूल स्पायडरमॅन होण्याऐवजी स्पायडरमॅनची जाहिरात व्हायचं. तरी या पोशाखांना मी नावं ठेवत नाही. कामावर जाणाऱ्या लाखो आयांना त्यांनी एक संध्याकाळ मोकळी करून दिली. १९८२ मध्ये शिकागो भागात औषधाच्या कॅप्सूलमध्ये विष मिसळल्याच्या घटनेनंतर त्या वर्षीच्या हॅलोवीनवर भीतीचं सावट पडलं आणि या धंद्यालाही झळ बसली. नंतर हे कारखाने मोठ्या कंपन्यांनी गिळले आणि माल परदेशात बनू लागला.

आजच्या घरगुती पोशाखाची पद्धत या सगळ्याच्या मिश्रणातून आली आहे. हुडी किंवा स्वेटसूट हा पाया, त्यावर फेल्ट, पुठ्ठा, डक्ट टेप, ट्यूलची जाळी आणि हातात हॉट ग्लू गन. २०१० मध्ये पिंटरेस्ट आल्यापासून कल्पनांचा पूर आला. त्या चित्रांमुळे हुरूप येतो तसंच दडपणही येतं, कारण तिथला तीन वर्षांचा ड्रॅगन बघून आपण हातच लावत नाही. आमच्या पुस्तकात पूर्ण झालेल्या पोशाखांचे फोटो नाहीत, ते यामुळेच. हातानं काढलेल्या आकृत्या आहेत, मापं आहेत, आणि कुठे चुकतं ते सांगितलं आहे.

मी शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र मी अमेरिकेत शिकले नाही. वासुदेव दारात आला की आपण त्याला कशावरून ओळखतो? मोरपिसांच्या उंच टोपीवरून. अंगरखा मळका असो, फाटका असो, टोपी आहे तोवर तो वासुदेव. कोकणातल्या दशावतारात सोंड आली की गणपती आला. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढला की खालच्या धोतराकडे कुणी पाहत नाही. प्रत्येक सोंगाची एक खूण असते. ती शोधली की निम्मं काम झालं. मग पैसा, वेळ, कौशल्य, सगळं त्या एका खुणेवर लावायचं आणि बाकी रोजचे कपडे घालायचे. वटवाघळाची खूण पंखाची कमानदार कड. चिमण्याची खूण चोच नव्हे, गळ्याखालचा काळा डाग. अग्निशमन दलाच्या माणसाची खूण गणवेशावरचे चकाकते पट्टे. मुलाला विचारलं तर ते आपल्यापेक्षा पटकन खूण सांगतं, कारण मोठ्यांना वस्तू पूर्ण दिसते आणि मुलाला तिच्यातलं एकच काहीतरी दिसतं, तेही नेमकं.

माझ्या मुलाला एका वर्षी वॉशिंग मशीन व्हायचं होतं. मी समजूत घालायचा प्रयत्न केला, पण तो ठाम. खूण काय, विचारल्यावर तो म्हणाला, "गोल दार, आणि आत मोजा अडकलेला." सामान हलवायचं मोठं खोकं घेतलं, जेवणाचं ताट ठेवून गोल आखला, कापला, आतून सॅलडच्या डब्याचं पारदर्शक झाकण चिकटवलं आणि झाकणाच्या मागे एक निळा मोजा. खांद्यावर घालायला जुन्या बॅगेचे पट्टे. फार सुरेख दिसलं, आणि पहिल्याच घराच्या पायऱ्यांवर अडलं. खोकं गुडघ्यांच्या खाली येत होतं, त्यामुळे त्याला पाय उचलता येईना. हातांची भोकं खांद्याच्या रेषेत पाडली होती, त्यामुळे बेलपर्यंत हात पोहोचेना. त्यानं रडं आवरलं होतं हे मला त्याच्या ओठांवरून दिसत होतं. पुढच्या घराच्या अंगणात मी पर्समधल्या कात्रीनं खोकं खालून वीतभर कापलं, भोकं चार बोटं खाली वाढवली. तेव्हापासून आमचा नियम आहे: खोकं गुडघ्याच्या वर चार बोटं संपलं पाहिजे, आणि घालून जिना चढून दाखवल्याशिवाय पोशाख पूर्ण झाला असं म्हणायचं नाही.

एक गोष्ट थोडी अवघड आहे, पण ती टाळून हे पुस्तक करता येणार नव्हतं. आपल्यातली बरीच घरं पहिल्या वर्षी कपाटातला परकर-पोलकं किंवा घागरा काढतात आणि मुलीला 'राजकन्या' म्हणून पाठवतात. मीही केलं. शाळेत बाईंनी विचारलं, तू कोण झालीस? मुलगी म्हणाली, "कोणी नाही. हे माझे दिवाळीचे कपडे आहेत." तिचं म्हणणं बरोबर होतं. २०११ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आमची संस्कृती म्हणजे सोंग नव्हे, असं सांगणारी भित्तिपत्रकं काढली आणि तो मुद्दा देशभर पोहोचला. दुसऱ्या समाजाचा वेष सोंग म्हणून घालू नये, हे आज अनेक शाळा सांगतात. माझं त्यापुढे एक म्हणणं आहे: आपला स्वतःचा वेषही सोंग म्हणून घालू नये. झाशीची राणी म्हणून मुलगी गेली तर ते सोंग आहे, कारण तिथे तलवार आहे, ढाल आहे, पाठीशी बांधलेलं बाळ आहे. नुसती नऊवारी हे सोंग नाही. दिवाळी आणि हॅलोवीन खेटून येतात. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. आमच्या दारात त्या दिवशी पणत्याही होत्या आणि कोरलेला भोपळाही. त्याच सुमारास गोव्यात पोरं बांबू, पेंढा, कागद जमवून नरकासुर उभे करत होती. मुलांनी सकाळी अभ्यंगस्नान करून नवे कपडे घातले आणि संध्याकाळी ते बदलून वटवाघूळ आणि वॉशिंग मशीन झाली. दोन्हींना आपापली जागा मिळाली.

हे सगळं आत्ताच का लिहावंसं वाटलं, त्याला कारणं आहेत. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हॅलोवीनवरचा खर्च १,२२० कोटी डॉलरवर जाणार होता, त्यातले ४१० कोटी नुसते पोशाखांवर. ब्रिटनमध्ये २०१९ साली हबब आणि फेअरीलँड ट्रस्ट या संस्थांनी विक्रीला असलेले पोशाख तपासले, तर त्यांतलं ८३ टक्के साहित्य खनिज तेलापासून बनलेलं प्लास्टिक निघालं. एका संध्याकाळसाठी इतकं. दुसरीकडे घरी करणाऱ्यांची वाटही अरुंद होते आहे. जोअ‍ॅन ही कापडाच्या दुकानांची देशभरची साखळी, आठशेच्या आसपास दुकानं, मे २०२५ अखेर बंद झाली. अनेक गावांत वारावर कापड मिळण्याची तीच एक जागा होती. म्हणून या पुस्तकात नवं कापड विकत घ्यायला जवळजवळ कुठेच सांगितलेलं नाही. उशीचे अभ्रे, जुन्या चादरी, थ्रिफ्ट स्टोअरमधले स्वेटर, किराणा घरपोच येणारी खोकी यांतूनच काम भागवलं आहे.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे आणि त्याचं कारण सांगते. छत्रीच्या वटवाघळाच्या त्या रात्री आमच्याच गल्लीत एक गाडी माझ्या मुलीपासून हातभर अंतरावर थांबली. चालवणारा सावकाश येत होता, चूक त्याची नव्हती. काळ्या हुडीतलं काळ्या पंखांचं मूल त्याला दिसलंच नव्हतं. पुढे माझ्या वाचनात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आला: १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांची तुलना केली तर हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचं प्रमाण आसपासच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होतं. गाडीच्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी मी त्या पंखांच्या कमानींवरून प्रकाश परतवणारी चंदेरी पट्टी शिवली. अंधारात हेडलाइट पडला की पंखाची कड पांढरी उजळते, आणि खरं सांगायचं तर पोशाख त्यानं अधिकच चांगला झाला. आता आमच्या प्रत्येक पोशाखात ही पट्टी नक्षीचाच भाग म्हणून येते. आगीचंही तसंच. १९४० च्या दशकात केसाळ रेयॉन लावलेल्या काउबॉय पोशाखांनी पेट घेऊन मुलं दगावली, आणि अशाच घटनांमधून १९५३ चा ज्वलनशील कापडांचा कायदा झाला. घरी करताना तो कायदा बघायला कुणी येत नाही, म्हणून आपणच बघायचं: घोळदार बाह्या नकोत, कापूस आणि क्रेप कागद अंगावर नको, भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा. मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवणं बरं, कारण मुलाला दोन्ही बाजूंचं दिसलं पाहिजे.

पुस्तकाची रचना वयानुसार नाही आणि पात्रांनुसारही नाही. घरात काय पडलं आहे त्यानुसार आहे: खोकं, छत्री, चादर, स्वेटर, टोपली, गाडगं. व्हीलचेअर किंवा वॉकर वापरणाऱ्या मुलांचे पोशाख वेगळ्या भागात टाकलेले नाहीत. चाकं हीच जिथे खूण होते, अशी आगगाडी, बोट आणि आइसक्रीमची गाडी इतरांच्या बरोबरीनंच आली आहेत. दर पोशाखाशेजारी चौकटीचा कोरा कागद आहे, मुलानं आधी आपलं चित्र काढावं म्हणून. मशीनची गरज फक्त तीन ठिकाणी आहे, तीही धावदोऱ्यानं भागेल. काही पोशाख मुलांना आवडले नाहीत, ते आम्ही गाळले. काही आम्हाला आवडले नाहीत पण मुलांना आवडले, ते ठेवले.

आबांच्या छत्रीचे पंख आतापर्यंत चार मुलांनी घातले आहेत. यंदा ते समोरच्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलाकडे गेलेत. हुडी त्याची, शिवण नवी, चंदेरी पट्टी तीच. मापांचा तक्ता पहिल्याच पानावर दिला आहे. माप घेताना मुलाला थंडीचं जाकीट घालून उभं करा. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पंखांच्या आत ते असणारच आहे.